सिद्ध कीं साध्य?

आमच्या दिवाणखान्यांत खिडकीखालीं नऊ महिने एक काळी पेटी उभी होती. तिच्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं विणलेला रुमाल पसरलेला असून त्यावर मनीप्लँटची बाटली ठेवलेली असे. नवा पाहुणा आला म्हणजे हें स्टूल आहे कीं देव्हारा आहे याविषयीं तो क्षणभर संशयांत पडे. आणि हा खेळाचा संगणक असून त्याला एक लाख आठ हजार रुपये पडले, असें आम्हीं सांगतांच त्याच्या मुद्रेवरील संशयाची जागा सहानुभूति घेई. बाटली ठेवण्यास याहून स्वस्त आसन मिळालें असतें, हें कबूल करण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं. संकोच वाटतो तो दुसऱ्याच एका गोष्टीचा. ती पुढें यथाक्रम येईल.

ज्या वाचकांच्या घरीं सोळा ते पंचवीस या वयाचें एखादें अपत्य आहे, त्यांना खेळाचा संगणक म्हणजे काय हें सांगण्याची गरज नाहीं. ज्यांना तो योग अद्याप आलेला नाहीं, त्यांच्यासाठीं दोन शब्द. पत्रें लिहावयाचीं, हिशेब ठेवावयाचा, आगगाडीचीं तिकिटें काढावयाचीं, एवढ्यासाठीं लागणारा संगणक कोणत्याहि दुकानांत डोळे मिटून घ्यावा. खेळाच्या संगणकाची गोष्ट निराळी. खेळांतील डोंगर, पाऊस, घोडा आणि त्या घोड्याची सावली हीं चित्रें अगोदर काढून ठेवलेलीं नसतात. खेळणारा जसजसा वळेल तसतशीं तीं त्या क्षणीं नव्यानें रेखाटावीं लागतात. आणि तींहि सेकंदास साठ, शंभर, कधीं एकशें चव्वेचाळीस वेळां. हें रेखाटण्याचें काम ग्राफिक्स कार्ड नांवाचा भाग करतो. त्याला हुकूम सोडणारा प्रोसेसर, प्रोसेसरचें डोकें थंड ठेवणारा पंखा, ताज्या कामापुरती आठवण ठेवणारी रॅम, कायमची आठवण ठेवणारी एस्.एस्.डी., सर्वांना वीज वाढणारा पॉवर सप्लाय, आणि या साऱ्यांना एका पंक्तीस बसविणारा मदरबोर्ड, असे हे सात मंत्री होत. ज्या पेटींत ते बसतात तिला आमच्या बाजारांत ‘कॅबिनेट’ असेंच म्हणतात. ती धरून अष्टप्रधान पुरे होतात.

आतां प्रश्न असा कीं, हें मंत्रिमंडळ बनलेलें विकत घ्यावें, कीं एकेक मंत्री पारखून आपण बनवावें?

हा वाद घरगुती संगणकाइतकाच जुना आहे. १९७५ सालीं अमेरिकेंतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारीच्या अंकावर अल्टेअर ८८०० या यंत्राचें चित्र झळकलें, तेव्हां तें यंत्र सुट्या भागांचा संच म्हणून टपालानें मागवावें आणि डाख देऊन घरीं जोडावें, हीच मुख्य रीत होती. पुढच्याच वर्षीं जॉब्ज व वॉझ्नियाक या जोडगोळीचा पहिला ॲपल निघाला. पण पन्नास नग मागणाऱ्या दुकानदारानें अट घातली कीं, सुटे भाग नकोत, जोडलेली पाटी हवी. १९८० सालीं इंग्लंडांत सिंक्लेअरचा झेड्एक्स्-८० आला, त्याची किंमत संच घेतल्यास ७९.९५ पौंड आणि तयार घेतल्यास ९९.९५ पौंड होती. म्हणजे हातांतली भीति वीस पौंडांस विकत घेतली जात असे. आमच्या मतें या साऱ्या वादांत इतका स्पष्ट भाव कोणीं कधींच लावलेला नाहीं.

पुढें १९८१ सालीं आय्.बी.एम्. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बहुतांशीं बाजारांत मिळणाऱ्या भागांचाच केला आणि त्याची रचना उघड ठेविली. त्यामुळें इतरांना तसलेच संगणक करतां येऊं लागले. १९९५ सालीं इंटेलनें एटीएक्स नांवाचें माप ठरवून दिलें. मदरबोर्ड केवढा असावा, त्याचीं स्क्रूंचीं भोंकें कोठें असावींत, पॉवर सप्लायची तार त्यास कशी जोडावी, हें एकदां ठरून गेलें. ही गोष्ट दिसते लहान. पण एका कारखान्याची पेटी, दुसऱ्याचा बोर्ड आणि तिसऱ्याचा पॉवर सप्लाय आज एकमेकांत विनातक्रार बसतात ते या मापाच्या पुण्याईवर. ‘घरीं जोडणें’ याचा अर्थहि त्यामुळें पालटला. आतां डाख नाहीं, तारा सोलणें नाहीं. एक पेचकस आणि दोन स्थिर हात एवढ्यावर काम भागतें.

आमच्या इकडे या वादाचें स्वरूप थोडें वेगळें होतें. परदेशांत संगणक जोडणें हा हौसेचा मामला. आमच्याकडे तो काटकसरीचा होता. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ‘ब्रँडेड’ संगणक कचेऱ्यांत असे, आणि मध्यम स्थितींतील कुटुंबांत ‘असेंबल्ड’ येई. आमचा पहिला संगणक १९९८ सालीं असाच आला. एक चुणचुणीत तरुण स्कूटरवर पुढें पेटी व मागें मॉनिटर घेऊन आला, तासाभरांत त्यानें सर्व जोडून दिलें, चहा घेतला आणि गेला. त्या संगणकांत विंडोज कोठून आली, हें त्यानें सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं. त्या काळच्या पुष्कळ सज्जनांनीं तें विचारलें नसेल असें आम्हांस वाटतें.

इतकें सारें ठाऊक असूनहि २०२१ सालीं आम्हीं तयार पेटी घेतली, त्याची हकीकत अशी. आमचा थोरला तेव्हां अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत होता. महाविद्यालयें बंद, व्याख्यानें पडद्यावर, मित्र पडद्यावर, आणि संध्याकाळची करमणूकहि पडद्यावर. त्यानें एका आंखीव कागदावर आठ भागांची यादी केली, प्रत्येकापुढें दोन दोन दुकानांचे भाव लिहिले, आणि तो कागद आमच्या चहाच्या पेल्याखालीं सरकवून तो समोर उभा राहिला. आपण स्वतः जोडूं, असें त्याचें म्हणणें होतें.

आंकडे त्याच्या विरुद्ध होते. जगांत चिपांचा दुष्काळ पडला होता. त्यांत इथेरियम नांवाचें आभासी नाणें ग्राफिक्स कार्डांच्या जोरावर ‘खणून’ काढतां येई, म्हणून खाणवाले लोक कार्डें ढिगानें उचलीत. (२०२२ च्या सप्टेंबरांत इथेरियमनें आपली पद्धतच बदलली, तेव्हां हा उद्योग एका दिवसांत थांबला.) आरटीएक्स ३०६० या कार्डाची कंपनीनें जाहीर केलेली किंमत ३२९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानें चोवीस हजार रुपयांच्या आसपास, आम्हांस दुकानदारानें अठ्ठावन्न हजार सांगितले, आणि वर, उद्यां हा भाव राहणार नाहीं, अशी प्रेमळ सूचना दिली. उलट मोठ्या कंपन्यांचे कार्डांचे करार आधींच झालेले असल्यामुळें त्यांचे तयार संगणक तुलनेनें स्वस्त पडत. तेंच कार्ड घातलेला संगणक एक लाख आठ हजारांस मिळत होता. थोरल्याच्या यादीची बेरीज त्याहून चौदा हजारांनीं अधिक होती. आम्हीं बेरजेवर बोट ठेविलें आणि वाद मिटला.

पण बेरीज उलटी असती तरी आमचा निकाल हाच झाला असता. त्या मुलानें चाळीस हजारांचा भाग हातांत घ्यावा, तो खांचेंत दाबावा, आणि ‘कट्’ असा आवाज व्हावा, हें चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलेना. “मोडलेंस तर?” असें आम्हीं त्याला विचारलें. त्यावर त्यानें कांहींच उत्तर दिलें नाहीं. कागद घडी करून खिशांत घातला.

तयार संगणकाची जाहिरात आणि वधूवरांची जाहिरात यांत आम्हांस विलक्षण साम्य दिसतें. दोहींतहि दोन ठळक गुण मोठ्या अक्षरांत सांगितलेले असतात, आणि संसार ज्यांच्यावर चालावयाचा त्या बाकीच्या गोष्टींविषयीं गोड मौन असतें. प्रोसेसर अमुक, ग्राफिक्स कार्ड तमुक, असें जाहिरात सांगते. पॉवर सप्लाय कोणाचा, हें ती सांगत नाहीं. आमच्या पेटींत सोळा गिगाबाइट रॅम होती खरी, पण ती एकाच पट्टीची. आठ आठच्या दोन पट्ट्या असत्या तर प्रोसेसरला आठवणीकडे जाण्यास दोन वाटा मिळाल्या असत्या. एका पट्टीनें कंपनीचे थोडे पैसे वांचले व आमची एक वाट बंद झाली. पेटीचें दर्शनी अंग अखंड कांचेचें, त्यामुळें आंत रंगीत दिवे फार शोभत. हवा मात्र कोठून शिरावी याचा विचार कोणीं केलेला नव्हता. तीन वर्षें आम्हांस यांतलें कांहींच कळलें नाहीं, कारण आम्हीं ती पेटी कधीं उघडलीच नाहीं. उघडल्यास हमी रद्द होईल असें थोरल्याला आम्हींच बजावलें होतें.

जून २०२४ मध्यें हमी संपली आणि ऑगस्टांत एका रात्रीं पॉवर सप्लाय गेला. हमी आणि यंत्र यांचें एकमेकांशीं कांहीं गुप्त संधान असतें, असा आमचा जुना संशय आहे. दुरुस्ती करणारा आला. त्यानें बाजू काढली आणि मान हलविली. नेहमींच्या मदरबोर्डास चोवीस टोंकांचा विजेचा जोड लागतो. या पेटींत कंपनीनें स्वतःचा निराळाच जोड वापरला होता, आणि पॉवर सप्लायचा आकारहि सर्वांहून वेगळा. बाजारांतला पांच हजारांचा चांगला पॉवर सप्लाय तिला चालेना. चालवावयाचा तर मदरबोर्ड बदला, आणि नवा मदरबोर्ड त्या पेटींत बसेना. कंपनीस लिहिलें, तेव्हां त्या नमुन्याचा भाग आतां शिल्लक नसल्याचें सौजन्यपूर्ण उत्तर आलें. एकोणीसशें पंचाण्णव सालीं ठरलेलें माप सोडल्याची शिक्षा २०२४ सालीं आम्हीं भोगली. थोरल्याला तीन आठवड्यांत उच्च शिक्षणासाठीं जर्मनीस जावयाचें होतें. त्यानें पेटीकडे एकवार पाहिलें आणि तो सामान बांधावयास लागला. पेटी खिडकीखालीं गेली, तिच्यावर रुमाल आला, रुमालावर बाटली आली.

तयार संगणक घेणारा तो मूर्खच, असें मानणारा एक पंथ आहे. हें सर्व सोसूनहि आम्ही त्या पंथांत नाहीं. तयार पेटीबरोबर विंडोजचा रीतसर परवाना बहुधा येतो. स्वतः जोडणारास तो निराळा घ्यावा लागतो आणि ही रक्कम तो बेरजेंत सोयिस्करपणें विसरतो. शिवाय तयार पेटीच्या तक्रारीला एकच दार असतें. जोडलेल्या संगणकाच्या प्रत्येक भागाची हमी वेगळी, दार वेगळें. आणि दोष कोणाचा हें ठरवावयाचें आपण. रॅमवाला बोर्डाकडे बोट दाखवितो, बोर्डवाला पॉवर सप्लायकडे, आणि पॉवर सप्लायवाला विजेच्या कंपनीकडे. ज्या घरांत पेचकस हातीं धरणारें कोणी नाहीं, त्या घरानें खुशाल तयार पेटी घ्यावी. मात्र पैसे देण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: यांतला पॉवर सप्लाय गेला तर बाजारांतला कोणताहि यांत बसेल काय? दुकानदार घुटमळला तर नमस्कार करून बाहेर पडावें.

२०२५ च्या मे महिन्यांत आमच्या धाकटीची बारावी व प्रवेशपरीक्षा आटोपली, आणि तिनें पहिलें काम केलें तें मनीप्लँटची बाटली उचलून खाली ठेवण्याचें. मेलेल्या पेटींतलें ग्राफिक्स कार्ड तिनें काढलें, मैत्रिणीच्या संगणकांत घालून पाहिलें, आणि तें जिवंत असल्याची वार्ता आणिली. सेनापति शाबूत आहे, राज्य नवें वसवावें, असा तिचा प्रस्ताव होता. आमच्या सौभाग्यवती बँकेंत आहेत. त्यांनीं घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून या म्हणीची आठवण करून दिली, पण लगेच चष्मा लावून हिशेबहि मागितला. हिशेब असा होता. सहा गाभ्यांचा रायझन ७६०० प्रोसेसर, पंख्यासह, साडेसतरा हजार. मदरबोर्ड तेरा हजार. सोळा सोळा गिगाबाइटच्या दोन पट्ट्या रॅम आठ हजार चारशें. एक टेराबाइटची एस्.एस्.डी. पांच हजार सहाशें. साडेसहाशें वॉटचा पॉवर सप्लाय साडेपांच हजार. कॅबिनेट साडेचार हजार. एकूण साडेचौपन्न हजार. याच तोलाचा तयार संगणक अठ्ठ्याण्णव हजारांस होता, आणि त्यांत आमच्या सेनापतीला जागा नव्हती. आंकडे या खेपेस मुलीच्या बाजूनें होते. आम्हांस बोट ठेवण्यास जागाच उरली नाहीं. (तीच रॅम २०२५ च्या डिसेंबरांत आम्हीं सहज विचारली तेव्हां दुकानदारानें दुपटीहून अधिक भाव सांगितला. कृत्रिम बुद्धीचीं प्रचंड गणनागृहें जगांतील रॅम गिळूं लागलीं होतीं. तेव्हांपासून धाकटी स्वतःस भविष्यवेत्ती समजते.)

खरेदीस आम्ही दोघें लॅमिंग्टन रोडला गेलों. हा मुंबईचा एक गव्हर्नर होऊन गेला, त्याच्या नांवाचा रस्ता, त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें नांव देऊन कैक वर्षें लोटलीं, पण टॅक्सींच्या भाषेंत तो अद्याप लॅमिंग्टन रोडच आहे. पार्ल्याहून धीमी गाडी घेऊन ग्रँट रोडला उतरावें आणि पूर्वेस चालूं लागावें. आम्ही या रस्त्यानें प्रथम गेलों ते वडिलांचें बोट धरून. त्या वेळीं तेथें संगणक नव्हते. रेडिओचे भाग मिळत. वडिलांनीं सुटे ट्रँझिस्टर, कंडेन्सर आणि लाकडी फळी आणून घरीं एक रेडिओ जोडला होता, आणि नियमाप्रमाणें डाकघरांत त्याच्या परवान्याची फी भरली होती. तो जोडीत असतां आम्ही दोन हातांवर बसून पाहात असूं. डाखाचा धूर, राळेचा वास, आणि मधून मधून ऐकूं येणारें “हात लावूं नकोस” हें वाक्य, इतकें आमच्या स्मरणांत स्पष्ट आहे. रेडिओ फार गोड वाजे. तो कसा जोडला हें मात्र आम्हांस आजतागायत माहीत नाहीं.

धाकटी दुकानांत शिरली ती सराईतासारखी. प्रत्येक खोक्यावरचा अनुक्रमांक बिलावरील अनुक्रमांकाशीं तिनें पडताळून पाहिला. तो न जुळल्यास हमी मागतांना पंचाईत होते, हें तिला ठाऊक होतें. शेवटीं दुकानदारानें आम्हांकडे वळून, सर्व जोडून देऊं काय, फक्त हजार रुपये पडतील, असें विचारलें. आमचा हात खिशाकडे गेला. सिंक्लेअरच्या वीस पौंडांच्या मानानें हा भाव अगदींच माफक होता. धाकटीनें आमच्याकडे पाहिलें, आणि आम्हीं खिशांतून रुमाल काढून घाम पुसला.

जोडणी रविवारीं जेवणाच्या मेजावर झाली. आम्हांला विजेरी धरण्याचें काम मिळालें. पुस्तकांतून अंगांतील स्थिर विजेची फार भीति घातलेली असते. मुंबईच्या मे महिन्यांत त्याहून भयंकर वस्तु म्हणजे नाकाच्या शेंड्यावरचा घामाचा थेंब. सौभाग्यवती टॉवेल घेऊन उभ्या होत्या. पूर्वींच्या प्रोसेसरांना खालीं सुईसारखीं टोंकें असत व एखादें वांकलें कीं सर्वनाश होई; या नव्या जातींत तीं टोंकें मदरबोर्डाच्या खांचेंत गेलीं आहेत, आणि तीं १७१८ आहेत. प्रोसेसर त्यांवर नुसता ठेवावयाचा, कोपऱ्यावरची सोनेरी त्रिकोणी खूण जुळवावयाची, आणि दांडी खालीं दाबावयाची. ती दांडी दाबतांना कुरकुर असा आवाज होतो, आणि वरचें काळें झांकण टणकन् उडतें. हा आवाज व्हावयाचाच असतो. आम्हांस तें माहीत नव्हतें. आमच्या तोंडून “हात लावूं—” इतकें निघालें आणि उरलेलें वाक्य आम्हीं गिळलें. धाकटीनें मान वर केली नाहीं. “बाबा, विजेरी हालते आहे,” एवढेंच ती म्हणाली.

पंख्याचे चार स्क्रू तिनें कोनाकोनानें, थोडे थोडे फिरवीत आवळले. एकच अगोदर पुरा आवळला तर दाब तिरका पडतो म्हणे. रॅमच्या दोन पट्ट्या शेजारशेजारच्या खांचांत नव्हे, तर दुसऱ्या व चौथ्या खांचेंत जातात. त्या दाबतांना चांगलाच जोर लागतो, आणि ‘कट्’ असा आवाज होतो. चार वर्षें आम्हीं ज्या आवाजाची धास्ती घेतली होती तो हा. तो पट्टी नीट बसल्याचा असतो. पेटींत बोर्ड पितळी खुंट्यांवर बसवून सर्व स्क्रू लावून झाल्यावर मागचा पातळ पत्रा मेजावरच राहिल्याचें दिसलें, तेव्हां सारे स्क्रू पुन्हां काढावे लागले. तिनें ते न बोलतां काढले. पेचकस आमच्या वडिलांच्या पेटींतला होता. त्याची लाकडी मूठ एका अंगानें झिजलेली आहे, आणि ती तिच्या हातांत बरोबर बसली.

सायंकाळीं साडेसहा वाजतां कळ दाबली. पंखे फिरले, बोर्डावर एक लहानसा पिंवळा दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला.

एक मिनिट गेलें, दोन गेलीं. दुपारपासून बडबडणारी मुलगी गप्प झाली. सौभाग्यवतींनीं म्हण पुन्हां उच्चारली नाहीं, याचें श्रेय त्यांना दिलें पाहिजे. तीन मिनिटांनीं आमच्यानें राहवेना. निदान वीज तरी बंद करावी म्हणून आमचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. इतक्यांत धाकटीनें जर्मनीस फोन लावला. तेथें दुपार होती. थोरल्याचा चेहरा पडद्यावर आला, त्यानें तो पिंवळा दिवा पाहिला आणि तो म्हणाला, “कोणीहि कशालाहि हात लावूं नका. नवी रॅम आहे, बोर्ड तिचा वेग मापून घेतो आहे. पहिल्या वेळीं वेळ लागतो. माझ्या वेळीं सात मिनिटें लागलीं होतीं.”

“तुझ्या वेळीं म्हणजे केव्हां?” आम्हीं विचारलें.

तो क्षणभर थांबला. “डिसेंबरांत. मीं इकडे एक जोडला, बाबा. निम्मे भाग जुन्या बाजारांतून घेतले.”

“मग सांगितलें नाहींस तें?”

“सांगणार होतों,” तो म्हणाला.

यापुढें काय बोलावें हें आम्हांस सुचलें नाहीं, आणि बहुधा त्यालाहि सुचलें नसावें. त्या आंखीव कागदाची आठवण दोघांनाहि झाली असेल. निदान आम्हांस झाली. सौभाग्यवती त्याला जेवणाचें विचारूं लागल्या. आणि तो, दुपारीं काय खाल्लें, हें सांगत असतांना काळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें उमटलीं. धाकटी इतक्या मोठ्यानें ओरडली कीं शेजारच्या बिऱ्हाडांतून विचारणा झाली. प्रोसेसर, रॅम, एस्.एस्.डी., सारीं नांवें पडद्यावर हजेरी देत होतीं. थोरल्यानें तीं एकेक वाचावयास लावलीं, आणि रॅमचा वेग कारखान्यानें ठरविलेल्या मानाइतका कोठें जाऊन वाढवावयाचा हें बहिणीस सांगितलें. तो न वाढविल्यास महाग रॅम स्वस्त रॅमसारखी चालते. ही गोष्ट तयार पेटींतहि पुष्कळदां राहून गेलेली असते, असें तो म्हणाला. आमच्या जुन्या पेटींत राहिली होती कीं काय, हें आम्हीं विचारलें नाहीं.

रात्रीं विंडोज चढली, खेळ चढला, आणि साडेअकराच्या सुमारास घोडा डोंगरावर निघाला. पण तो पायरी पायरीनें चाले. दोन पावलें टाकी, थबके, पुन्हां दोन टाकी. सेकंदास शंभर चित्रांच्या जागीं दहाबारा निघत. धाकटीनें कार्डाची तार तपासली, तापमान पाहिलें, कार्डाला लागणारी प्रणाली पुन्हां चढविली. आम्हांस मनांतून वाटलें कीं, चार वर्षांचा म्हातारा सेनापति अखेर थकला. साडेबाराला ती विजेरी घेऊन पेटीच्या पाठीमागें गेली, आणि बराच वेळ तेथून कांहीं आवाज आला नाहीं.

सबंध दिवसांत विजेरीवांचून एकच काम आम्हांकडे सोंपविलें होतें: मॉनिटरची तार पेटीच्या मागें लावणें. तेथें त्या आकाराचीं भोंकें दोन ठिकाणीं असतात, एक मदरबोर्डाचें व एक ग्राफिक्स कार्डाचें. आमच्या या प्रोसेसरला स्वतःचीहि थोडी चित्रकला येते, म्हणून बोर्डाच्या भोंकांत तार घातली तरी चित्र दिसतें. फक्त सेनापति शेजारीं हात बांधून उभा राहतो. आम्हीं तार बोर्डाच्या भोंकांत घातली होती, आणि ती चांगली घट्ट बसविली होती.

धाकटीनें ती काढून चार बोटें खालीं लावली. घोडा वाऱ्यासारखा सुटला. ती आम्हांस एक अक्षरहि बोलली नाहीं. पण भावाला तिनें तत्क्षणीं कळविलेंच. त्याचें उत्तर लगेच आलें, आणि तें तिनें आम्हांस वाचून दाखविलें: “बाबांना निदान एक तरी स्क्रू आवळायला द्यायचा होतास.”